बुटांच्या खोक्यातलं मत

"थांबा. तो कागद तिले देऊ नका. माहा हाये तो."

फाटकातून आवाज आला तेव्हा माझा हात अर्धा पुढे झालेला होता. हातात मतपत्रिका, मांडीवर बुटांचं खोकं, आणि समोर ओसरीच्या खांबाला टेकून बसलेली द्वारका सहदेव घाटोळ मतपत्रिका घेण्याआधी पदराला हात पुसत होती. आवाज ऐकून तिचा हात तिथेच थांबला. खाटेवर बसलेल्या तिच्या नवऱ्यानं, सहदेवभाऊंनी, चहाची बशी खाली ठेवली.

खोकं म्हणजे आमची मतपेटी. वरून खाकी कागद चिकटवलेला, मधोमध ब्लेडनं पाडलेली चीर. खऱ्या निवडणुकीचं मतदान होऊन गेलं होतं, मोजणी अजून व्हायची होती. पुण्याच्या पाटणकर सरांना माणूस मत कसं ठरवतो यावर एक जाडजूड पुस्तक लिहायचं होतं, म्हणून त्या मधल्या दिवसांत त्यांनी आम्हा एम.ए.च्या पोरापोरींना गावोगाव पिटाळलं होतं. तोंडी विचारलं तर लोक शेजारी कोण बसलंय ते बघून उत्तर देतात, हे सरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी खऱ्यासारखीच दिसणारी मतपत्रिका छापून घेतली. नावं तीच, चित्रं तीच. मतदानाला जिथे शिक्का मारलात तिथेच इथे पेनानं फुली मारा, घडी घाला, खोक्यात टाका. कोणाला काही कळणार नाही.

कुणाला विचारायचं हेही सरांनी पुण्यात बसून मतदारयादीतून ठरवलेलं. "ज्याचं नाव निघालं त्याचंच मत," त्यांनी निघताना बजावलं होतं. "भाऊ चालणार नाही, जाऊ चालणार नाही. माणूस मेला असेल तर मेला म्हणून लिहा, पण त्याच्या जागी जिवंत माणूस बसवू नका." मी अशा कामाला अगदी लायक होते. आमची आई म्हणायची, उज्ज्वलीनं लहानपणी फूटपट्टी गिळली आहे, ती अजून आतच आहे.

उमरदोह हे गाव अकोल्याकडचं, नाल्याच्या काठी वसलेलं. तिथला कोतवाल गुणवंता माझ्याबरोबर होता. सकाळी एस.टी. थांब्यावर उतरल्या उतरल्या मी त्याला नीट समजावलं होतं की ही नुसती पाहणी आहे. त्यानं मान डोलावली आणि गावभर सांगून आला की पुण्याहून पेटी आली आहे, ज्याचं नाव निघेल त्यानं पुन्हा मत टाकायचं. झालं. दुपारपर्यंत बाया ठेवणीतली लुगडी नेसून माझ्यापुढे येत होत्या, आणि एका म्हाताऱ्यानं तर मत टाकण्यासाठी दुसऱ्यांदा अंघोळ केली. प्रत्येकाला 'हे खरं मतदान नाही' सांगता सांगता माझा घसा बसला. लोक "हो हो, नाई ना" म्हणायचे आणि तरी खोक्याला हात लावून नमस्कार करायचे.

घाटोळांचं घर मात्र समजूतदार निघालं. सहदेवभाऊ हे तिथलं वजनदार माणूस. मतदानाच्या दिवशी शाळेच्या खोलीत बसणारा उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणजे तेच. आलेली बाई तीच का, आलेला माणूस तोच का, हे ओळखून 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं त्यांचं काम. त्यामुळे माझं काम त्यांना चटकन कळलं, इतकं की ते स्वतःच उत्तरं देऊ लागले.

"लिवा, शिक्षण चौथी. लिवा, धंदा घरकाम. हिले काई समजत नाई म्याडम, मले इचारा."

"भाऊ, नाव यांचं निघालंय. यांनाच बोलू द्या," मी म्हणाले. त्यांनी हसून मिशीवरून हात फिरवला.

यादीत द्वारकाबाईचं वय चाळिशीच्या पुढचं होतं. समोरची बाई तिशीचीही वाटत नव्हती. मी ते बोलून दाखवलं तर सहदेवभाऊ म्हणाले, "यादीवाल्याईचं काय सांगता. माह्या काकाले त्याईनं बाई करून ठेवलं व्हतं." ते खरंही असू शकलं असतं. त्या याद्यांमध्ये मी पाळण्यातले मतदार पाहिले होते. मी प्रश्न संपवले, मतपत्रिका काढली, आणि तेवढ्यात तो आवाज आला.

फाटकात उंच, वाळलेल्या अंगाची एक बाई उभी होती. डोक्यावर फुटाण्यांचं टोपलं. मी तिला ओळखलं. सकाळी थांब्यावर मी तिच्याकडूनच फुटाणे घेतले होते, आणि गुणवंताला नावं वाचून दाखवत होते तेव्हा ती मापानं फुटाणे पुडीत ओतत होती. 'द्वारका सहदेव घाटोळ' हे नाव मी वाचलं आणि तिचं माप मध्येच थांबलं होतं. मग तिनं ते सावकाश रिकामं केलं, वर आणखी एक मूठ घातली आणि विचारलं होतं, "कितीक वाजेपर्यंत हाये तुमची पेटी?"

"ए फुटाणेवाली," सहदेवभाऊ खाटेवरून न उठता म्हणाले, "चाल, रस्त्यानं लाग. म्याडम, तिच्याकडं ध्यान नका देऊ. नाल्यापल्याड राह्यते, डोकं फिरेल हाये तिचं."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं टोपलं उतरवून कट्ट्यावर ठेवलं, त्यावर फडकं नीट झाकलं, आणि अंगणात येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमचं नाव काय, बाई?" मी विचारलं.

"द्वारका."

"नवऱ्याचं?"

"सहदेव घाटोळ. थो काय बसला."

भिंतीपलीकडून बघणाऱ्या बायांमध्ये कुजबुज झाली. त्या गावात नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नसे. सकाळपासून प्रत्येकीनं ते शेजारणीकडून वदवून घेतलं होतं नाहीतर उखाण्यात घेतलं होतं. हिनं ते सरळ घेतलं, फुटाण्याचा भाव सांगावा तसं.

मी खांबाशी बसलेल्या बाईकडे वळले. "आणि तुमचं?"

ती खाली बघत होती. "द्वारका," ती म्हणाली.

"मग झालं तर," सहदेवभाऊ म्हणाले. "अन पुरावा पायजे तर हे पहा." त्यांनी पुढे वाकून बायकोचा डावा हात धरून वर केला. पहिल्या बोटावर, नखाच्या कडेनं, मतदानाची शाई अजून काळीकुट्ट होती. "सरकारनं लावली हे शाई. द्वारका घाटोळचं मत झालं, तवा लावली. तिच्या बोटाले हाये का?"

टोपलं उतरवल्यापासून फुटाणेवालीनं डावा हात पदराखाली धरला होता. तिनं तो बाहेर काढला आणि बोट माझ्यासमोर धरलं. बोट भाजलेलं, घट्टे पडलेलं होतं. भट्टीच्या गरम वाळूत रोज हात घालणाऱ्या बाईचं असतं तसं. शाई नव्हती.

"नाई," ती म्हणाली. "ह्या बोटाले कितीक सालापासून नाई लागली. म्हणून तं आली म्या."

माझी पंचाईत झाली. सरांच्या सूचनांमध्ये मेलेल्या माणसाचं काय करायचं ते होतं, परगावी गेलेल्याचं होतं, दारूच्या नशेत असलेल्याचंही होतं. एका नावाच्या, एका नवऱ्याच्या दोन बायका एकाच अंगणात उभ्या राहिल्या तर काय करायचं ते नव्हतं. मी गुणवंताकडे पाहिलं. गुणवंता अंगणातल्या कोंबड्या मोजत असावा असा चेहरा करून उभा होता.

"गुणवंताभाऊ, तुम्ही कोतवाल आहात. यादीतली द्वारका कोणती?"

"म्याडम, दोघीईचं नाव द्वारकाच हाये," तो म्हणाला. "खोटं कोणीच नाई बोलून राह्यलं."

तेव्हा मला वाटलं, निदान एक गोष्ट आधी सांगून टाकावी. ही बाई ज्याच्यासाठी भर उन्हात नाला ओलांडून आली ते तिला इथे मिळणारच नव्हतं. मी खोकं बाजूला ठेवून तिच्याजवळ गेले.

"बाई, ऐका. हे खरं मत नाही. गुणवंताभाऊंनी चुकीचं सांगितलं. हे मोजणार नाहीत. कोणी निवडून येणार नाही, पडणार नाही."

"नाई मोजत?"

"नाही. पुण्याचे सर पुस्तक लिहिताहेत, त्याच्यासाठी आहे."

"पुस्तकात माहं नाव येइन?"

"नाव नाही येत. कुणाचंच येत नाही."

"मंग कायले करता हे सारं?"

"माणसं मत कसं ठरवतात ते कळावं म्हणून."

ती हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते आणि हसणं एकदम पोरीसारखं होतं. "मंग मलेच इचारा ना. म्या त दर खेपेले ठरोते. चार बायाईचं ऐकते, बजारात लोक काय बोलतात ते ऐकते, रातभर इचार करून ठरोते. सकायी उठून शाळेत जाते. थो तठी बसेल असते. म्हणते, द्वारका घाटोळचं मत झालं, हे बाई कोण मी नाई ओळखत." तिनं एक श्वास घेतला. "मंग वापस येते."

"दर वेळी जाता?"

"दर खेपेले."

"नाही म्हणणार हे माहीत असून?"

"जाणं माह्या हातात हाये, बाई. नाई म्हणणं त्याच्या हातात."

मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. मतदानाचा हक्क, नागरिकत्व, सगळं पाठ, पहिल्या वर्गात पास. स्वतः मात्र त्या निवडणुकीत मत द्यायला गेलेच नव्हते, कारण त्या दिवशी साखरपुड्याची साडी घ्यायची होती. आणि ही बाई हाकलली जाणार हे ठाऊक असताना, उमेदवार कोण चांगला याचा रात्रभर विचार करून, तयार होऊन जात होती.

"लग्न झाल्या सालीच एकडाव मत टाकलं व्हतं," ती सांगत होती. "सासूनं हात धरून नेलं, सासूनंच शिक्का धरला. ते काई माहं नोयतं. मंग लेकरू होईना म्हणून यानं मले काढून देलं. अन हे आली. नाल्यापल्याड गेली म्या, काई नाई बोलली. घर गेलं, भांडे गेले. पण म्या म्हणलं, नाव त माह्या संगं हाये. तं मले कोणी सांगे, की अवं तुह्यं नावबी देलं यानं तिले."

"दिलं म्हणजे?" मी विचारलं.

"ताटात," खांबाजवळून आवाज आला.

इतका वेळ खाली मान घालून बसलेली ती धाकटी बोलली होती. सहदेवभाऊंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"लग्नात ताटात तांदूळ टाकतात ना," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "नवरदेवानं बोटानं नाव लिवाचं. मले वाटलं, काई चांगलं लिवतीन. माही मैत्रीण व्हती, तिचं नाव त्याईनं मंदाकिनी ठेवलं व्हतं. अन यानं लिवलं, द्वारका. म्या म्हणलं, हे तं पहिलीचं नाव. तं सासू म्हणे, रेशनकारडावर हाये, यादीत हाये, बदलाची कटकट नोको."

"तू घरात जाय," सहदेवभाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. तसा आवाज ऐकून त्या घरात सगळे आत जात असावेत, कारण दारात उभं असलेलं त्यांचं पोरगंही आत पळालं.

ती उठली. मला वाटलं आत जाईल. मला अजून आठवतं, तिनं आधी स्वतःच्या बोटाकडे पाहिलं. शाई पुसून बघावी तसं अंगठ्यानं दोनदा घासलं. मग ओसरीच्या दोन पायऱ्या उतरून ती अंगणात आली आणि मोठ्या द्वारकाबाईच्या शेजारी उभी राहिली. दोघींमध्ये हातभर अंतर होतं. मागाहून मला कळलं की इतक्या वर्षांत त्या एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"म्याडम, लिवा," ती म्हणाली. "माहं नाव शेवंता हाये."



"माह्या बापानं ठेवलं ते. शेवंता किसन भटकर. शाई माह्या बोटाले हाये, पण मत तिचं व्हतं. दर खेपेले तिचंच व्हतं. यानं सांगलं तठी म्या ठप्पा मारला. कागद तिले द्या."

"शेवंते!" सहदेवभाऊ ओरडले.

लग्नानंतर त्या घरात तिला त्या नावानं मारलेली ती पहिलीच हाक. ती त्यांनाही कळली असावी, कारण ते तोंड उघडं ठेवूनच थांबले. ती किती मोठी गोष्ट करत होती हे मला तेव्हा पुरतं समजलं नव्हतं. ती द्वारका नसेल तर त्या घरात ती कोण होती? पहिली बायको हयात, सोडचिठ्ठी नाही. कागदावर शेवंता नावाची बाई त्या घरात नव्हतीच. लेकरं, चूल, शेतातला घास, सगळं त्या उसन्या नावावर उभं होतं. तिनं अंगणात उभं राहून ते नाव उतरवून ज्याचं त्याला परत दिलं.

"गुणवंत्या," सहदेवभाऊ म्हणाले, "या दोघीले भायेर काढ. अन या म्याडमलेबी."

गुणवंतानं कोंबड्यांवरून नजर उचलली. "भाऊ," तो म्हणाला, "यादीत नाव हाये तिचं. म्या कसा काढू?"

मग मी माझ्या फूटपट्टीला जागले. "ज्याचं नाव निघालं त्याचंच मत," मी म्हणाले आणि मतपत्रिका द्वारकाबाईला दिली.

तिनं ती दोन्ही हातांत घेतली. आडोसा हवा होता. गोठ्याच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा होता. मी म्हटलं, त्याच्यामागे जा, पेन घ्या, आवडेल तिथे फुली मारा, मी पाहणार नाही. ती गेली. आम्ही थांबलो. पडद्याखालून तिची धुळीनं भरलेली पावलं दिसत होती आणि शेजारी गाईचे खूर. ती खूप वेळ आत होती. इतका वेळ लागतो हे मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. सहदेवभाऊ खाटेवर बसून होते, आणि इतकी माणसं बघत असताना काय करायचं हे बहुधा त्यांनाही कळत नव्हतं. गोठ्यात काय चाललंय तिकडे सगळ्यांचे कान होते, जणू फुली मारल्याचा आवाज येणार होता.

ती बाहेर आली तेव्हा कागदाची घडी घातलेली होती, उलटसुलट दाबून, बोटाएवढी लहान केलेली. तिनं खोक्याच्या चिरेत ती घातली. घडी जाड झाल्यानं आत जाईना. तिनं अंगठ्यानं दाबली आणि ती आत पडल्याचा बारीकसा आवाज आला. तेवढ्याशा आवाजानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसायला विसरली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

मग ती शेवंताकडे वळली. मला वाटलं, आता काहीतरी कडू बोलेल. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं आणि ऐकायला सगळा गाव होता.

"हिलेबी एक कागद द्या," ती मला म्हणाली.

"यांचं नाव यादीत नाही, बाई."

"माहं व्हतं, तरी भेटला का मले? द्या. मोजत नाई म्हणता ना? मंग काय जाते तुमचं?"

माझं खरंच काही जात नव्हतं. सरांचा नियम जात होता. मी पिशवीतून दुसरी मतपत्रिका काढून शेवंताला दिली. ती पडद्याआड गेली आणि लगेच बाहेर आली. "कोणावर मारू?" तिनं घाबऱ्या आवाजात विचारलं. तिनं विचारलं मात्र द्वारकाबाईला.

"मले नोको इचारू," द्वारकाबाई म्हणाली. "कोणालेच नोको इचारू. बस तठी निवांत. गाय काई बोलत नाई."

ती परत आत गेली. या वेळी तिलाही वेळ लागला.

त्या संध्याकाळी सहदेवभाऊंनी घराला आतून कडी लावली. शेवंता बाहेरच राहिली, आणि फुटाण्यांचं टोपलं एका बाजूनं तिनं आणि एका बाजूनं द्वारकाबाईनं धरलं. दोघी नाल्याकडे गेल्या. मी शेवटच्या एस.टी.साठी थांब्यावर उभी होते, तिथून त्या दिसत होत्या.

पुण्यात सरांनी खोकं उघडलं. नावं आणि कागद यांचा मेळ बसेना. एक मतपत्रिका जास्त. सर चिडले. "जास्तीची कोणती, ती काढून टाका."

"सांगता येणार नाही, सर. दोघींनी आपापल्या मतानं दिली आहेत."

"दोघी कोण?"

मी सगळं सांगितलं. सरांनी चष्मा पुसला आणि मतपत्रिकांचा गठ्ठा होता तसाच बांधला. पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक आलं. पाचशे पानं, आकडेच आकडे. त्यात एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक टीप आहे, ती आजवर कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही: 'या गावी एका नावावर दोन मतदार आढळले. दोन्ही खरे होते. दोन्ही मतं धरली आहेत.'

पाहणी झाली त्याच वर्षी दिवाळीनंतर माझं लग्न झालं. माझ्यासाठी सासरी 'शर्मिष्ठा' नाव ठरलं होतं आणि साखरपुड्यात मला ते चांगलंच भारदस्त वाटलं होतं. तांदळाचं ताट आलं तेव्हा मी नवऱ्याचं बोट धरलं आणि त्या बोटानं 'उज्ज्वला' लिहिलं. आत्यासासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवरा म्हणाला, बरं झालं, मला नवीन नाव लक्षात राहिलं नसतं.

उमरदोहला मी पुन्हा गेले ते पाच वर्षांनी, पुढच्या निवडणुकीच्या दिवशी. सरांच्या पाहणीचं काम दोन दिवसांनी होतं, पण मला मतदानच बघायचं होतं. गुणवंता थांब्यावरच भेटला आणि चालता चालता त्यानं सगळी बातमी दिली. शेवंता आठवडाभर नाल्यापलीकडे राहिली होती. मग घरात भाकरी करायला कोणी नाही आणि पोरगं रडून घर डोक्यावर घेतंय म्हणून सहदेवभाऊच बोलवायला गेले. ती आली, पण द्वारका म्हटलं की ओ देईना, आणि शेवंता म्हणायला त्यांची जीभ उचलेना. शेवटी त्यांनी 'राजूची माय' म्हणायला सुरुवात केली. मधल्या काळात एकदा दोघी बाया तहसीलला जाऊन आल्या होत्या. साहेबापुढे द्वारकाबाईनं सांगितलं होतं, "हे द्वारका नाई, हे शेवंता हाये. मले माहीत हाये, कारण द्वारका मी हावो."

शाळेच्या आवारात चुन्याची रेघ मारलेली होती. मी तिच्या अलीकडे कडुलिंबाखाली उभी राहिले. खिडकीतून आत बसलेले सहदेवभाऊ पाठमोरे दिसत होते, त्याच कामावर, यादी मांडीवर घेऊन. आता यंत्रं आली होती, कागद नव्हता. पण नाव पुकारायची पद्धत तीच होती, आणि पुकारणाऱ्या मास्तरांचा आवाज नाल्यापलीकडे जाईल एवढा होता.

"घाटोळ द्वारका सहदेव!"

मग सहदेवभाऊंचा आवाज आला, "हो."

"घाटोळ शेवंता सहदेव!"

या वेळी 'हो' आलं नाही. मास्तरांनी पुन्हा पुकारलं. आत कोणीतरी खोकलं. मी नकळत कडुलिंबाचं खोड घट्ट धरलं होतं.

"हो," सहदेवभाऊ म्हणाले. "तेच हाये."

थोड्या वेळानं दोघी बाहेर आल्या. शेवंता डोक्यावरून पदर घेऊन घाईनं घराकडे वळली, जाता जाता माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. द्वारकाबाई सावकाश आली. केस पांढरे झाले होते. डाव्या हाताचं बोट तिनं शाई वाळेपर्यंत सरळ वर धरलं होतं, दुसऱ्या हाताचा आडोसा करून, वाऱ्यानं समई विझू नये म्हणून धरतात तसं. कडुलिंबाखाली येऊन ती थांबली आणि तिनं मला नीट न्याहाळलं.

"पुण्याच्या बाई ना तुमी?"

"हो."

"हे मोजतीन ना?"

"हे मोजतील, द्वारकाबाई."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि बोट तसंच वर धरून नाल्याच्या रस्त्याला लागली.